जागा धरणारे मन्मथआप्पा

वडवणीच्या स्टँडवर थांबणारी एकही एस.टी. अशी नव्हती जिच्यात मन्मथआप्पा बसले नाहीत, आणि त्या गाड्या जिथं जायच्या त्यातलं एकही गाव असं नव्हतं जे आप्पांनी पाहिलं. तुम्ही म्हणाल, हा गडी पहिल्याच वाक्यात थापा मारायला लागला. मारतो मी थापा, नाही म्हणत नाही. मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होतो. रोज पाऊण तास पोरांना न दिसणाऱ्या गोष्टी दाखवायच्या म्हणजे थोडं वाढवून सांगावंच लागतं. पण आप्पांच्या बाबतीत मी उलट कमी करून सांगतो आहे. सगळं सांगितलं तर तुम्ही पुस्तक मिटून ठेवाल.

तेव्हा वडवणीला तालुक्याचा मान मिळायचा होता. स्टँडसमोर पिवळ्या खोक्यातला एस.टी.डी. फोन नुकताच आलेला, किराणा दुकानांवर शांपूच्या पुड्यांच्या माळा तोरणासारख्या लोंबायला लागलेल्या, आणि काळ्या-पिवळ्या जीपा नेकनूरच्या बाजाराला निघालेल्या कोंबड्यांसारखी माणसं भरून पळायला लागलेल्या. गावात एक नवं कॉलेज निघालं होतं. पत्र्याच्या चार खोल्या. उन्हाळ्यात त्या इतक्या तापायच्या की खडू फळ्याच्या जवळ नेला तरी आपोआप उमटायचा. त्यातल्या चौथ्या खोलीत मी सात विद्यार्थ्यांना अस्तित्ववाद शिकवायचो. सातातल्या पाच जणांना वाटायचं हे कॉम्प्युटरच्या कोर्सचं जुनं नाव असावं.

राहायला मी आप्पांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत होतो. मधे एक भिंत. ती इतकी पातळ, की पलीकडं आप्पांनी गूळ फोडला की अलीकडं माझा चहा गोड व्हायचा.

आता जागा धरणं म्हणजे काय, ते ज्यांनी आयुष्यभर आरक्षण करूनच प्रवास केला त्यांच्यासाठी सांगतो. स्टँडवर गाडी वळायला लागली की लोक तिच्यासोबत पळायला लागतात. दाराशी जायचंच नाही, तिथं कुंभमेळा असतो. खिडकीतून रुमाल, टोपी, टॉवेल, पिशवी, जे हाताला येईल ते सीटवर टाकायचं. ज्याचं कापड त्याची जागा. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण लिहिलेल्या कायद्यांना आमच्याकडं जेवढा मान आहे त्याच्या दसपट ह्याला आहे. सख्खे भाऊ बांधावरून कोर्टात जातील, पण गाडीत दुसऱ्याचा रुमाल उचलणार नाहीत.

आप्पा साठीच्या आसपासचे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, धोतर गुडघ्याच्या जरा खाली, आणि खांद्यावर पिवळ्या काठाचा टॉवेल. अंगानं इतके सडपातळ की गर्दी असली तर ते खिडकीच्या गजांमधून आत जात. मी स्वतः पाहिलं आहे. समोर गिऱ्हाईक उभं, ताजव्यात तूरडाळ, आणि लांबच्या वळणावर इंजिनाची घरघर ऐकू आली की आप्पांचे कान उभे राहायचे. आवाजावरून सांगायचे, ही बीड, ही परळी, ही माजलगाव. मग ताजवा तसाच हलता सोडून धोतराचा सोगा हातात धरून निघालेच. उरलेली डाळ गिऱ्हाईकानं आपल्या हातानं मोजून घ्यायची. टॉवेल आत पडायचा, मागोमाग आप्पा आत जायचे, आणि ज्याच्यासाठी जागा धरली तो सावकाश येईपर्यंत तिथं बसून राहायचे. तो आला की उठायचे, टॉवेल झटकायचे, "बसा" म्हणायचे आणि गर्दीतून उलटे पोहत बाहेर.

कुणासाठी? कुणासाठीही. आदल्या दिवशी दुकानावर येऊन एवढंच सांगायचं, "आप्पा, उद्या साडेनऊची बीड, म्हातारीच्या डोळ्याचं आप्रेशन हाय." आप्पा एकच प्रश्न विचारायचे, "किती जण हाव?" दिवस भरत आलेली बाई, परीक्षेला निघालेलं पोर, कंबर धरलेला शेतकरी. जात, गाव, पक्ष काही विचारायचे नाहीत. एकदा त्यांनी एका माणसासाठी जागा धरली, जो आठच दिवसांपूर्वी त्यांच्याशी भर रस्त्यात भांडला होता. मी म्हटलं, आप्पा, हा तर तुम्हाला काय काय बोलला होता. आप्पा म्हणाले, "बोलला तवा त्यो उभा होता, सर. आता त्याला बसायचंय."

एकदा मोठा प्रसंग झाला. एका पुढाऱ्याचा उजवा हात म्हणून मिरवणारा एक गृहस्थ होता, पांढरी सफारी, काळा चष्मा, बसला तर तीन माणसांची जागा अडवेल असा. आप्पांनी टॉवेल टाकलेला, आणि आप्पा आत पोचायच्या आधी ह्यानं तो उचलून खिडकीबाहेर फेकला आणि बसला. आप्पा आले, खाली उतरले, टॉवेल उचलला, पुन्हा वर आले, टॉवेल त्या गृहस्थाच्या मांडीवर नीट घडी घालून अंथरला, आणि त्याच्या मांडीवर बसले. तो ओरडायला लागला, "ऊठ बे म्हाताऱ्या, येडा झाला का?" आप्पा म्हणाले, तुम्ही बसा, तुम्हाला कोण ऊठ म्हणतंय, मी फक्त माझ्या टॉवेलावर बसलोय. तसेच बसून राहिले, समोर बघत, देवळात बसल्यासारखे. मग जिच्यासाठी जागा धरली होती ती बाई आली, आठवा महिना सरत आलेली, धापा टाकत. आप्पा उठले, टॉवेल काढला आणि त्या मांडीकडं हात करून तिला म्हणाले, "बस माय. जागा हितंच हाय." सफारी अशी उठली की टपाला डोकं आपटलं. अजून त्या टपाला पोक आहे असं कंडक्टर सांगतात.

आता मी पडलो अस्तित्ववादाचा माणूस. माझ्या नोट्समध्ये लिहिलेलं होतं की माणूस आधी नुसता असतो, मग आपल्या निवडीतून स्वतःला घडवतो. आणि दुसऱ्याची नजर आपल्यावर पडली की आपण त्याच्या नजरेत अडकतो, आपलं असणं आपल्या हातातून निसटतं. हे सगळं मी पत्र्याखाली घाम पुसत सांगायचो आणि संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून आप्पांकडं बघायचो. मला हा माणूस कळेना. हा निवडतो ते सगळं दुसऱ्यासाठी. मग ह्याचं स्वतःचं असं काही आहे की नाही? आणि नसेल, तर हा सगळ्यात मोकळा माणूस की सगळ्यात पळपुटा?

मी प्रयोग सुरू केले. आप्पांना विचारायचो, चहा घेता की दूध? ते म्हणायचे, "तुमी काय घ्यायलाव?" मी म्हणालो चहा, की चहा. दूध म्हणालो, की दूध. असं मी सतरा वेळा केलं. शेवटी एकदा म्हटलं, आज मी मीठ घातलेला कोरा चहा घेणार आहे. आप्पांनी दोन कप मागवले आणि डोळे मिटून पिऊन टाकला. वर मला म्हणाले, पोटाला बरा असतो. मला तीन दिवस बरं नव्हतं.

दुसरा प्रयोग दुपारचा. दोन ते तीनच्या मधे स्टँडवर एकही गाडी नसायची आणि दुकानात माशीसुद्धा विचार करून यायची. मला बघायचं होतं, कुणालाच आप्पांची गरज नसते तेव्हा आप्पा काय करतात. मी समोरच्या हॉटेलात बसून पाहिलं. सांगतो ते खोटं वाटेल, पण आप्पा पुसट होत जायचे. आधी टॉवेलाचा पिवळा काठ फिका पडायचा, मग भस्माचे पट्टे, मग अख्खा माणूस असा विरळ व्हायचा की पाठीमागचे साखरेच्या पोत्यावरचे शिक्के वाचता यायचे. अडीच वाजता मांजर त्यांच्या मांडीतून चालत पलीकडं गेलं. आणि तीनला वळणावर परळी गाडीची घरघर आली, की बघता बघता माणूस घट्ट. मी ते विद्यार्थ्यांना सांगितलं. त्या वर्षी परीक्षेत एकानं ते उत्तरात लिहिलं आणि त्याला साठातले चाळीस मिळाले. तपासणारा बहुतेक मराठवाड्यातलाच असावा.

एकदा आप्पा माझ्या वर्गातच आले. एका विद्यार्थिनीच्या आईसाठी जागा धरायची होती आणि बाराची गाडी लवकर येणार म्हणून निरोप द्यायला. निरोप दिला आणि वेळ होता म्हणून शेवटच्या बाकावर बसले. मी दुसऱ्याच्या नजरेवरच बोलत होतो. हातवारे करून सांगत होतो की प्रत्येक माणूस अखेर एकटा, त्यानं आपलं असणं स्वतःच उभं करायचं, दुसरा कुणी ते करू शकत नाही. आप्पांनी हात वर केला. माझ्या सात विद्यार्थ्यांपैकी एकानंही वर्षात हात वर केला नव्हता.

"सर," आप्पा म्हणाले, "त्यो येकटा मानूस म्हंता, त्याची जागा कोन धरतं?"

मी म्हटलं, आप्पा, त्यानं स्वतःच धरायची.

"तसं न्हाई हुत सर. सोता टाकला टावेल तरी पोचेपसतर दुसऱ्यानं त्यो मानायला लागतो. न्हाईतर टावेलच हाय त्यो, जागा न्हाई."

असं म्हणून उठले आणि गेले, कारण घरघर आली होती. मी पुढची पंधरा मिनिटं फळा पुसत होतो. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल हा संत माणूस. मलाही वाटत होतं. मग मला काकू नीट दिसायला लागल्या.

काकू म्हणजे आप्पांच्या मंडळी, भागीरथीबाई. ठेंगण्या, गोल, नेहमी इरकल नेसलेल्या, बोलणं कमी. ह्या दोघांची एकुलती एक लेक शिवकांता, तीन वर्षांपूर्वी शिरूर कासारला दिलेली, कापड दुकानवाल्यांच्या घरी. लग्न वडवणीतच झालं म्हणून आप्पा लग्नाला हजर होते. त्यानंतर शिरूरला आप्पा एकदाही पोचले नव्हते. निघायचे. दर वेळी निघायचे. दोन जागा धरायचे, एक काकूंसाठी, एक स्वतःसाठी. मग कुणी म्हातारा आत यायचा, आप्पा आपली जागा द्यायचे. मग कुणी लेकुरवाळी यायची, आणि आप्पा काकूंकडं नुसतं बघायचे. काकू उठायच्या. बीडपर्यंत उभ्यानं जायच्या, तिथून पुढं शिरूरची गाडी. आप्पा गर्दीत मावत नाही म्हणून खाली उतरून घ्यायचे आणि म्हणायचे, मागच्या गाडीनं येतो. मागच्या गाडीला कुणी ना कुणी जागा सांगून ठेवलेलीच असायची.

लेकीच्या ओटीभरणाला असंच झालं. पहिल्यांदाच दिवस गेलेले, सासरच्यांनी मंडप घातलेला, आणि काकू एकट्याच खण-नारळाची टोपली घेऊन पोचल्या. व्याह्यांनी विचारलं, व्याही कुठं आहेत? काकूंनी सांगितलं, ताप आहे.

व्याही माणूस सरळ. आठवडाभरानं डझनभर केळी आणि एक औषधाची बाटली घेऊन आजाऱ्याला भेटायला वडवणीला आला. गाडीतून उतरला आणि उतरता उतरता त्याच्या अंगावरून कुणीतरी खिडकीत झेप घेतली. बघतो तर आजारी व्याही. तीन माणसांना कोपरानं बाजूला सारून, टॉवेल दातात धरून आत घुसलेले. आप्पांनी आतून त्याला ओळखलं आणि आनंदानं हाक मारली, "व्याहीबुवा, परतायचं कवा? जागा धरू का?" व्याह्याच्या हातातून औषधाची बाटली पडली. केळी मात्र घट्ट धरलेली. तो दुकानावर आला नाही, पाणी प्यायला नाही. माघारी बीडला निघालेल्या त्याच गाडीत, आप्पांनी धरून दिलेल्याच जागेवर बसला आणि परत गेला. आप्पांना शेवटपर्यंत वाटत होतं की आपण त्याची मोठी सोय केली.

त्यानंतर शिवकांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली नाही.

आमच्याकडं ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हे पाणी खाली वाहतं तितकं ठरलेलं. खोली सारवून ठेवलेली, बाळंतविडा आणलेला, डिंकाच्या लाडवांचं साहित्य डब्यात भरलेलं, आणि लेक आली नाही. बायका दुकानात येऊन साबण घेता घेता विचारायच्या, शिवकांता कधी येणार? काकू म्हणायच्या, डॉक्टरनं हलू नको म्हणलंय. मुलगा झाला, तोही शिरूरलाच. मग एका सकाळी पिवळ्या खोक्यातून हाक आली, शिरूरचा फोन आहे. काकू पळत गेल्या, पाच मिनिटांनी चालत परत आल्या. लेकीनं सांगितलं होतं, बुधवारी बारसं आहे. बाबा आले तर तुमच्यासोबत बाळाला घेऊन माहेरी येईन. नाही आले तर माझं माहेर संपलं असं समजते, आणि काय ते दिवाळीच्या आत, गाव इथं असतानाच ठरू दे, कारण दिवाळीनंतर आमच्याकडं निम्मी घरं कुलपात जातात, अर्धा गाव ऊसतोडीला जातो, मग सासूबाई कुणापुढं मिरवणार आणि मी कुणापुढं तोंड झाकणार.

त्या दिवशी दुपारी मी जेवायला त्यांच्याकडंच होतो. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. आप्पा मान हलवून म्हणाले, ह्या वेळी जायचंच. मग घास घेतला आणि म्हणाले, बुधवारच्या साडेनऊला फक्त एका आजोबांची जागा सांगून ठेवली आहे, तेवढी झाली की आपलीच.

काकूंनी भाकरी तव्यावरून काढली आणि त्यांच्या ताटात वाढली नाही. हातातच धरून ठेवली.

"तुमी सगळ्या जगाची जागा धरताव. माजी काऊन न्हाई धरत?"

आप्पा गोंधळले. "आगं, तू तर घरचीच हायस. तू समजून घेतीस."

"घरची हाय म्हनून उभी ऱ्हायचं व्हय? आन् लेक घरची हाय म्हनून तिचं तोंड काळं? अडतीस वर्सं झाली. मला बी येक दिस परकी समजा की."

आप्पा माझ्याकडं बघायला लागले. मी पिठल्याकडं बघायला लागलो. माझ्या नोट्समध्ये 'दुसरा' हा शब्द पानापानावर होता, काही ठिकाणी लाल शाईनं अधोरेखित. पण घरातली बाई त्यात धरायची की नाही, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. आप्पांनी तिला स्वतःतच धरलं होतं. आणि स्वतःला तर ते कधीच मोजत नव्हते. म्हणजे ह्या माणसानं अडतीस वर्षं जेवढं काही सोडलं, त्यातलं निम्मं त्याचं नव्हतंच. मला वाटलं हे आप्पांना सांगावं. मग भाकरीकडं पाहिलं आणि पुढचा घास घेतला. त्या घरात त्या दिवशी तत्त्वज्ञान सांगायचा अधिकार ज्याला होता, त्यानं सांगून झालेलं होतं.

बुधवार आला. सकाळी नऊला दुकानात चार-पाच गिऱ्हाईकं. आप्पा ताजव्याशी, पण नवं धोतर नेसलेले. मी कॉलेजला जायचं सोडून पायरीवर पेपर वाचत होतो, म्हणजे उलटा धरला होता. आतल्या दाराला कडी लागल्याचा आवाज आला. काकू आतून दुकानात आल्या नाहीत. मागच्या बोळातून निघाल्या, वळसा घालून रस्त्यानं आल्या आणि गिऱ्हाईकांच्या मागं रांगेत उभ्या राहिल्या. हिरवी इरकल, हातात टोपली, टोपलीत झबलं-टोपडं आणि चांदीचे वाळे. पुढच्या बाईनं सरकून जागा द्यायला पाहिलं, तर म्हणाल्या, नको, मी माझ्या पाळीनं येते.

पाळी आली. काकू म्हणाल्या, "आप्पा, साडेनऊच्या बीडला जागा धरताव का?"

अडतीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला कधी आप्पा म्हटलं नव्हतं. नुसतं 'आवं' होतं. दुकानातली माणसं गार झाली. शांपूच्या पुड्यासुद्धा हलायच्या थांबल्या. आप्पांनी ताजव्यातलं वजन उचललं आणि परत ठेवलं. आणि मग सवय म्हणा, हाडात शिरलेली रीत म्हणा, समोर कुणी जागा मागितली की तोंडातून जे यायचं तेच आलं.

"किती जण हाव?"

"दोघं. मी आन् आमचे मालक. त्यांच्यानं उभं ऱ्हावत न्हाई आता."

"कुठंयत मालक?"

"येतील. न्हाईच आले, तर त्यांची जागा तुमी धरून बसा. बीडपसतर."

कुणीतरी मागून हसू दाबलं. आप्पांनी ताजव्याकडं पाहिलं, काकूंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी पेपर सरळ केला. त्यांना नाही म्हणता येईना. परक्या माणसाला त्यांनी कधी नाही म्हटलेलंच नव्हतं. आणि तेवढ्यात वळणावर घरघर आली.

ते धावले तसे मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. पायाखालची धूळ अर्धा तास खाली बसली नाही. टॉवेल एका सीटवर, डोक्यावरचा पटका काढून दुसऱ्या सीटवर, जागा सांगून ठेवलेले आजोबा मागून येत होते त्यांच्यासाठी चप्पल तिसऱ्या सीटवर. काकू सावकाश चढल्या, खिडकीशी बसल्या. आप्पा त्यांच्या शेजारी, मालकाच्या जागेवर, बोडक्या डोक्यानं, गुडघ्यांवर हात ठेवून. बसलेला माणूस कसा बसतो ते त्यांना आठवत नव्हतं. आजपर्यंत ते दुसऱ्यासाठी म्हणून बसले होते. बघायला पाहुणे आलेल्या मुलीसारखे ते सरळ बसले होते. मी खिडकीतून टोपली आत दिली.

गाडी भरत गेली. चप्पलवाल्या आजोबांना जागा मिळाली, आप्पांनी तिकडं समाधानानं पाहिलं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. काठी टेकत एक म्हातारी चढली, वाकलेली, अंगावर एकच वाकळ, जागा कुणाला सांगून न ठेवलेली. ती आप्पांच्या सीटपाशीच येऊन उभी राहिली आणि दांडा धरायला लागली. हात पोचत नव्हता. आप्पांचे गुडघे हलले. मी खाली उभा होतो, मला ते गुडघे दिसले. ते अर्धे उठले होते. काकूंनी त्यांना धरलं नाही. डोळेसुद्धा वटारले नाहीत. त्यांनीही म्हातारीकडं पाहिलं, आणि मला वाटलं, संपलं, आता ह्या उठणार, अडतीस वर्षांसारख्या.

काकू म्हणाल्या, "सरका हिकडं. तिघं बसू."

आप्पा अर्धे उभेच. बहुतेक त्यांना हे कधी सुचलं नव्हतं. जागा एकतर आपली किंवा दुसऱ्याची, एवढंच त्यांना माहीत. काकूंनी खिडकीला अंग चिकटवलं, आप्पांच्या धोतराला धरून त्यांना जवळ ओढलं, आणि म्हातारी कडेला अर्ध्या मांडीवर टेकली. आप्पा मधे. एका बाजूला घरची, एका बाजूला परकी, आणि दोन्हीकडून असे दाबले गेलेले की आता उठावं म्हटलं असतं तरी गाडी कापून काढावं लागलं असतं. कंडक्टरनं बघितलं, ओळखलं, आणि सवयीनं म्हणाला, आप्पा, उतरा, बेल देतोय. उत्तर आप्पांनी नाही, काकूंनी दिलं. दोन बीड द्या, म्हणाल्या.

पुढं महिन्याभरात माझी दुसऱ्या गावी बदली झाली, आणि आप्पा तोपर्यंत शिरूरहून परतले नव्हते. नातवाला सोबत घेऊनच येणार असं खोक्यातल्या फोनवर कळलं होतं. त्यामुळं आप्पांचं शेवटचं दर्शन म्हणजे ती सकाळ.

डबल बेल झाली. गाडी हलली आणि आप्पांच्या अंगात काहीतरी आठवल्यासारखं झालं. मधे चेंगरलेले असूनही काकूंच्या समोरून मान काढून ते मला ओरडून सांगायला लागले, सर, साडेअकराच्या परळीला कुंभारगल्लीतली बाई हाय, दोघं जण हायत, तिला चढता येत न्हाई, तुमी तेवढं... मी गाडीसोबत चालत होतो, मग पळत होतो, मान हलवत होतो. काकूंच्या मांडीवर तो पिवळ्या काठाचा टॉवेल घडी करून ठेवलेला होता, बीडला शिरूरची गाडी लागेल तेव्हा टाकायला. त्यांनी एका हातानं तो धरला आणि दुसऱ्या हातानं खिडकीची काच सरकवून लावून घेतली. काचेमागं आप्पांचं तोंड चालूच होतं. आवाज येत नव्हता.